विळ्याच्या आकाराची पेशी

मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग बडनेरा सोडल्यावर चांदूर, धामणगाव अशी स्थानके घेत वर्धा नदीकडे उतरतो. नदी ओलांडली की वऱ्हाड संपले आणि पुलगाव आले. हा मार्ग १८६७ साली नागपुरास पोहोचला, आणि दत्तापूर-धामणगावाच्या नावामागे ‘रेल्वे’ हा शब्द जो लागला तो कायमचा. यवतमाळकडचा कापूस बैलगाड्यांतून सडकेने ह्या स्थानकावर येई व येथून मुंबईच्या बंदराकडे रवाना होई. गावाचे नाव बाहेर गेले ते ह्या कापसामुळे.

परंतु ह्याच मार्गावरून, कापसाच्या उलट दिशेने, पूर्वेकडे, आणखी एक वाहतूक कित्येक वर्षे चालू आहे, आणि तिची नोंद कोणत्याही मालधक्क्यावर झालेली नाही. ह्या भागातील आईबाप आजारी लेकरे घेऊन वर्ध्यास, सेवाग्रामास, नागपुरास जातात. मूल जन्मते तेव्हा धडधाकट असते. पाच-सहा महिने उलटतात आणि एके दिवशी त्याच्या हातापायांचे पंजे सुजतात. डोळ्यांत पिवळेपणा दिसू लागतो. अंगावर रक्त धरत नाही. थोडे मोठे झाल्यावर थंडीवाऱ्यात, तापात, किंवा पोटात पाणी कमी गेले तरी हाडे फुटतील अशा वेदना सुरू होतात. दोन-चार दिवसांनी थांबतात, पुन्हा येतात. ह्यास कोणी वात म्हणे, कोणी कावीळ, कोणी संधिवाताचा ताप. आणि औषधाला गुण येईनासा झाला म्हणजे कोणी बाहेरची बाधाही ठरवी. आज विदर्भातील खेड्यापाड्यांतसुद्धा ह्या व्याधीला एकच नाव आहे, आणि ते इंग्रजी आहे : सिकलसेल. ‘सिकल’ म्हणजे विळा. शेतकऱ्याच्या घरातील रोजच्या हत्याराचे नाव परभाषेतून रोगाचे नाव होऊन परत यावे, हा योग चमत्कारिक खरा.

ह्या व्याधीच्या रक्तपरीक्षेचा इतिहास दोन भागांचा आहे. रक्तात काय आहे हे प्रयोगशाळेने शोधून काढले, हा पहिला. ज्याचे रक्त होते त्याला ते कळले की नाही, हा दुसरा. पहिला भाग अर्ध्या शतकात आटोपला. दुसरा अजून चालू आहे, आणि तोच अधिक अवघड ठरला आहे.

पहिल्याची सुरुवात फार दूर, शिकागो शहरी झाली. १९०४ सालच्या डिसेंबरात तेथील रुग्णालयात वीस वर्षांचा एक विद्यार्थी दाखल झाला. तो वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरचा. दंतवैद्यक शिकण्यास आलेला. त्याचे रक्त काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा तांबड्या पेशींमध्ये काही लांबट, वाकलेल्या, थेट विळ्यासारख्या पेशी दिसल्या. डॉ. जेम्स हेरिक यांनी हे वर्णन १९१० साली प्रसिद्ध केले. रोगाचे निदान त्यांना करता आले नाही, आणि तसे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलेही. १९१७ साली एमेल नावाच्या संशोधकाने एक साधी युक्ती केली. रक्ताचा थेंब काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये हवाबंद करून ठेवला आणि वाट पाहिली. पेशी हळूहळू वाकू लागल्या. विशेष म्हणजे रोग्याच्या बापाचे रक्त तसेच ठेवले असता त्याच्याही पेशी वाकल्या, आणि हा बाप तर पूर्ण निरोगी होता! ह्या एका निरीक्षणात पुढच्या सगळ्या कथेचे बीज आहे. परंतु त्याचा अर्थ लागण्यास आणखी तीस वर्षे जावी लागली.

१९२७ साली हान व गिलेस्पी यांनी दाखविले की पेशी वाकते ती प्राणवायू कमी पडल्यामुळे, आणि प्राणवायू परत मिळाला की ती बहुधा पूर्ववत् होते. १९४८ मध्ये डालँड व कॅसल यांनी रक्तातील प्राणवायू काढून घेणारे रसायन थेंबात मिसळण्याची रीत सांगितली. एका दिवसाची परीक्षा काही मिनिटांवर आली. लगेच पुढच्या वर्षी, १९४९ साली, दोन गोष्टी जवळजवळ एकदम घडल्या. जेम्स नील यांनी अनुवंशाचा नियम स्पष्ट केला, तर लायनस पॉलिंग, हार्वी इटानो व त्यांचे सहकारी यांनी रोगाचे मूळ पेशीत नसून पेशीतील हिमोग्लोबिन ह्या लोहयुक्त प्रथिनात आहे असे सिद्ध केले. विजेच्या प्रवाहात निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन एका गतीने सरकते, रुग्णाचे दुसऱ्या; आणि वाहकाच्या रक्तात दोन्ही जातींचे मिश्रण आढळते. एखादा रोग रेणूच्या रचनेतील दोषामुळे होतो असे वैद्यकाच्या इतिहासात प्रथमच दाखविले गेले. तो दोष किती लहान असावा? केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये तो शोधला. हिमोग्लोबिनाच्या एका साखळीत १४६ अमायनो आम्ले ओवलेली असतात. त्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलेले असते. पोथीत एक अक्षर चुकावे आणि श्लोकाचा अर्थ फिरावा, तसा हा प्रकार आहे. ह्या एका बदलापायी प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिन काड्यांसारखे एकमेकांस जुळते व पेशी ताठ करते. ताठर पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, त्याच वेदना. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही मात्र दहा-वीस दिवसांतच फुटते. तोच रक्तक्षय आणि तीच कावीळ.

अनुवंशाचा हिशोब घरातील हिशोबासारखा सरळ आहे, तरी त्यात लोक हमखास चुकतात. प्रत्येक माणसाला हिमोग्लोबिनाचे गुण दोन मिळतात, एक आईकडून व एक बापाकडून. एक सदोष आणि एक निर्दोष असेल तर तो वाहक. त्याला आजारी म्हणू नये, कारण तो सर्वसाधारण आयुष्य जगतो. दोन्ही सदोष असतील तर तो रुग्ण. वाहक स्त्री व वाहक पुरुष यांच्या पोटी येणारे मूल रुग्ण असण्याचा संभव चारांत एक, वाहक असण्याचा चारांत दोन, आणि अगदी निर्दोष असण्याचा चारांत एक. ह्याचा अर्थ चार मुलांत एकच आजारी निघेल असा नव्हे. प्रत्येक खेपेस फासे नव्याने पडतात. पहिले मूल आजारी निघाले, आता संकट टळले, ह्या समजुतीने दुसऱ्यांदा दुःखात पडलेली कुटुंबे विदर्भात थोडी नाहीत.

आता हिंदुस्थानाकडे वळावयाचे. १९५२ साली लेमन व कटबुश यांनी निलगिरीतील आदिवासींच्या रक्तात हा गुण असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी आसामातील चहाच्या मळ्यांवर बाहेरून आलेल्या मजुरांतही तो आढळला. निलगिरीच्या शोधामागील उद्देश मोठा बोलका आहे. प्राचीन मानववंशांचे धागे कोठून कोठे जातात हे रक्तावरून पाहावे, अशी ती जिज्ञासा होती. जिज्ञासा उत्तमच, परंतु जिच्या दंडातून रक्त घेतले त्या इरुळा किंवा पणिया स्त्रीला तिच्या लेकराविषयी काही सांगावे, हा विचार त्या काळच्या शास्त्राच्या कक्षेबाहेर होता. रक्त प्रयोगशाळेत गेले, आकडा नियतकालिकात छापून आला, आणि उत्तर डोंगरावर परतले नाही.

१९५८ मध्ये विदर्भाची पाळी आली. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाला तेव्हा जेमतेम अकरा वर्षे झाली होती. तेथील शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकल-गुणाविषयीचा लेख ‘लॅन्सेट’ ह्या विख्यात पत्रात प्रसिद्ध केला, आणि वऱ्हाड-नागपूरकडच्या त्या जुन्या ‘वाता’ला प्रथमच शास्त्रीय नाव मिळाले. पुढील दशकांत तपासण्या वाढल्या तसतसे चित्र रुंदावत गेले. गोंड, परधान, माडिया, मेळघाटातील कोरकू हे आदिवासी तर होतेच. पण महार, कुणबी, तेली अशा गावगाड्यातील समाजांतही हा गुण सापडला. पुण्याचे डॉ. एस. एल. काटे यांनी महाराष्ट्रभर हिंडून केलेल्या पाहणीचे फलित २००२ साली प्रसिद्ध झाले. त्यात भिल्ल, पावरा, माडिया, परधान व ओतकर यांच्यात वाहकांचे प्रमाण शेकडा २० ते ३५ पर्यंत आढळले, तर सह्याद्रीच्या बाजूच्या कित्येक जमातींत ते अगदी अल्प निघाले.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलणे इष्ट आहे. असल्या याद्या वाचून शहरातील सुशिक्षित मनुष्य चटकन् म्हणतो की हा अमक्या जातीचा रोग. हे म्हणणे शास्त्राच्या दृष्टीने चूक आहे. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखवून दिले की सिकल-गुणाचा वाहक मारक हिवतापापुढे अधिक टिकाव धरतो. जेथे रान आणि हिवताप, तेथे पिढ्यान्‌पिढ्या वाहक जगले आणि त्यांची संतती वाढली. ज्या गुणाने हजारो लेकरे हिवतापातून वाचविली, त्याचीच दुप्पट मात्रा काही लेकरांना भोवली. वैनगंगा-वर्धेच्या खोऱ्यातील जुन्या वस्त्यांना हिवतापाचा इतिहास शिकवावा लागत नाही. त्यावर रोटीबेटीच्या कुंपणाने गुणाला जातीच्या आत कोंडून ठेवले, एवढेच. रक्तातील अक्षर जात ओळखत नाही. जात ओळखतो तो सोयरीक जुळविणारा मनुष्य.

आणि सोयरीक जुळविणारा मनुष्य हाच ह्या इतिहासाच्या दुसऱ्या भागातील मुख्य पात्र आहे. ग्रीस देशात ऑर्कोमेनोस नावाचे एक गाव आहे. तेथे सिकल-गुण बराच आढळत असल्यामुळे सगळ्या गावाची रक्तपरीक्षा करण्यात आली व वाहकांनी वाहकांशी विवाह करू नये असा सल्ला देण्यात आला. काही वर्षांनी स्टामाटोयानोपूलोस यांनी परिणाम तपासला. रुग्ण बालकांच्या जन्मात घट झालेली नव्हती. घडले होते ते भलतेच : वाहक मुलामुलींवर शिक्का बसला होता, लग्ने जुळविताना घराणी परीक्षेचा निकाल दडवीत होती, आणि दडविलेले दोघे एकमेकांच्या पदरी पडत होते. अमेरिकेत १९७० नंतरच्या वर्षांत अनेक संस्थानांनी कृष्णवर्णीयांवर ही परीक्षा सक्तीची करणारे कायदे केले. वाहक आणि रुग्ण यांतील भेद कायदे करणाऱ्यांनाच नीट कळला नव्हता. निरोगी वाहकांना नोकऱ्या व विमे नाकारले गेले, आणि तेथील वायुदलाच्या अकादमीचे दरवाजे त्यांना १९८१ पर्यंत बंद राहिले. चाचणी अचूक होती. तिच्यापुढचे सगळे चुकले.

विदर्भातील परिस्थिती ऑर्कोमेनोसहून फार निराळी आहे असे म्हणवत नाही. पत्रिका जुळविताना छत्तीस गुणांचा काटेकोर हिशोब मांडणारी घरे रक्ताच्या कागदाची गोष्ट निघाली की गप्प होतात. त्यातही मुलगा वाहक निघाला तर ती गोष्ट घरात राहते, आणि मुलगी निघाली तर स्थळे परत जातात. वस्तुतः वाहकाने विवाह करू नये असे शास्त्र कोठेही सांगत नाही. समोरचा वाहक नाही एवढे पाहावे, इतकेच ते सांगते. दोन वाहकांचा विवाह झालाच असेल तर गर्भावस्थेतही तपास करता येतो. १९७८ साली कान व डोझी यांनी त्याचा मार्ग दाखविला, आणि मुंबईत राष्ट्रीय रक्तविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी ही सोय उपलब्ध आहे.

हे उत्तर घरापर्यंत पोहोचविण्याचे काम विदर्भात सर्वप्रथम कोणी हाती घेतले असेल तर ते रुग्णांच्या आप्तांनी. नागपुरास संपत रामटेके यांनी १९९१ साली सिकलसेल सोसायटीची उभारणी केली, गावोगाव हिंडून लोकांना जागे केले, सरकारदरबारी खेटे घातले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया ह्या रक्तव्याधींचा समावेश झाला, त्यामागे अशाच मंडळींची चिकाटी आहे. रेल्वेनेही उपचारासाठी जाणाऱ्या सिकलसेल रुग्णांना भाड्यात सवलत दिली आहे. धामणगावच्या तिकीटखिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला ह्या सवलतीचे मोल किती, हे वेगळे सांगावयास नको. मात्र तीसाठी रुग्णालयाचा दाखला लागतो, आणि दाखल्यासाठी आधी परीक्षा.

परीक्षेचे मोल वाढले ते उपाय सापडल्यावर. उपायच नाही तर निदान कशाला, हा प्रश्न एके काळी रास्त होता. १९८६ साली अमेरिकेत सिद्ध झाले की रुग्ण बालकाला लहानपणापासून पेनिसिलिन दिल्यास जीवघेणे जंतुसंसर्ग पुष्कळच टळतात. तेव्हापासून नवजात अर्भकाच्या टाचेतील रक्ताला महत्त्व आले, कारण हात सुजण्याची वाट पाहणे म्हणजे वेळ दवडणे ठरले. १९९५ मध्ये हायड्रॉक्सियुरिया ह्या औषधाने वेदनांचे झटके कमी होतात असे दिसून आले. येथे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन यांच्या कामाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. परदेशी मात्रा भारी आणि महाग. त्यांनी वजनाच्या दर किलोमागे १० मिलिग्रॅम अशी अल्प मात्रा मुलांना देऊन तिचा गुण सिद्ध केला, आणि २०१२ साली ते निष्कर्ष छापून आले. नवजात अर्भकांच्या तपासणीचे त्यांच्या चमूचे काम २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतातील सिकलसेल आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य असतो अशी एक समजूत होती, कारण येथील कित्येक रुग्णांच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अधिक उरते व ते पेशी वाकू देत नाही. नागपूरकडील मुलांनी ही समजूत बरीच ढिली केली.

सरकारी यंत्रणेकडे पाहता महाराष्ट्रात २००८ च्या सुमारास सिकलसेल नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ झाला. सतरा राज्यांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी माणसांची तपासणी आणि २०४७ पर्यंत ह्या व्याधीचे निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट. तपासणीची पहिली पायरी अगदी साधी आहे. परीक्षानळीत थोडे द्रावण घेऊन त्यात थेंबभर रक्त मिसळावयाचे आणि काही मिनिटांनी नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरावयाचा. रेघा स्पष्ट दिसल्या तर बरे. द्रावण गढूळ होऊन रेघा लोपल्या तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात, विजेवाचूनही, हे जमते. परंतु वाहक आणि रुग्ण दोघांचीही नळी गढूळच होते. म्हणून दुसरी पायरी, इलेक्ट्रोफोरेसिसची. पॉलिंग यांच्या भल्यामोठ्या यंत्राचे काम १९५७ पासून सेल्युलोज ॲसिटेटच्या पट्टीवर होऊ लागले, आणि अलीकडे एचपीएलसी नावाचे यंत्र प्रत्येक जातीचे हिमोग्लोबिन किती टक्के हे मोजून देते. हल्ली एका थेंबावर जागच्या जागी वाहक व रुग्ण यांतला फरक सांगणाऱ्या कागदी पट्ट्याही निघाल्या आहेत.

पहिल्या नळीवर मात्र भलता विश्वास ठेवू नये. सहा महिन्यांखालील अर्भकात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन इतके असते की नळी स्वच्छ राहून फसविते. फार रक्तक्षय असेल तरी तीच गत. नुकतेच बाहेरचे रक्त चढविले असेल तर सगळाच हिशोब बिघडतो, आणि तीन महिने थांबावे लागते. ह्याहून मोठी फसगत थॅलेसेमियाची. ही रक्ताची दुसरी अनुवंशिक व्याधी. तिचे वर्णन कूली यांनी १९२५ साली केले. फाळणीनंतर विदर्भातील शहरांत वसलेल्या सिंधी कुटुंबांत, तसेच लोहाणा व कच्छी समाजांत तिचे वाहक अधिक आढळतात. पण तिच्याही बाबतीत कोणताच समाज अगदी मुक्त नाही. थॅलेसेमियाच्या वाहकाची नळी स्वच्छच राहते. म्हणजे वधू सिकल-गुणाची वाहक, वराची नळी स्वच्छ, दोन्ही घरांना आनंद. आणि वर थॅलेसेमियाचा वाहक असेल तर त्यांच्या मुलाला दोन्ही गुण मिळून सिकलसेलसारखाच आजार होण्याचा संभव पुन्हा चारांत एक. तेव्हा एकाची नळी गढूळ निघाली की दुसऱ्याची तपासणी यंत्रावरच झाली पाहिजे. हिमोग्लोबिन ए-२ चे प्रमाण वाढलेले दिसले की थॅलेसेमियाचा वाहक ओळखू येतो.

धामणगावाभोवतीच्या खेड्यातील माणसाला ह्या दुसऱ्या पायरीसाठी बहुधा अमरावतीची वाट धरावी लागते, ज्या जिल्हा रुग्णालयाला लोक अजून ‘इर्विन’ म्हणतात तेथे; नाही तर नदीपलीकडे सेवाग्राम आहेच. रक्त आता पूर्वीपेक्षा लवकर जाते. परत येणाऱ्या कागदावर इंग्रजी अक्षरे असतात : ‘एए’ म्हणजे निर्दोष, ‘एएस’ म्हणजे वाहक, ‘एसएस’ म्हणजे रुग्ण. एका अक्षराच्या फरकाने कागद हाती घेणाऱ्या घराचे जिणे बदलते, आणि तो फरक मराठीत समजावून सांगण्यास डॉक्टराजवळ वेळ क्वचितच असतो. ते काम समुपदेशकाकडे आणि गावातील आशा सेविकेकडे येते. एसएस असलेल्या मुलाच्या आईला पेनिसिलिन, भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक, तापाला ताबडतोब रुग्णालय, हे पाठ करवावे लागते. एएस असलेल्या मुलीच्या बापाला ती आजारी नाही हे पटवावे लागते, आणि त्यासाठी एक भेट सहसा पुरत नाही. ही परीक्षा आयुष्यातून एकदाच पुरते. कागद मात्र ट्रंकेत तळाशी जातो, आणि लग्नाच्या वेळी सापडत नाही म्हणून पुन्हा रक्त काढले जाते.